सोडलेला जिताडा जगतो का?

वाचकांचे प्रश्न, खाडीकाठची उत्तरं

मागच्या अंकात मी ओघात एक वाक्य लिहून गेलो होतो: ‘ज्येष्ठ लागला की जिताड्याचा गळ मी खुंटीला टांगतो,’ म्हणजे पावसाळ्यात खाडीतल्या या मोठ्या माशासाठी गळ टाकत नाही. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की इंजिन ऑइलच्या रिकाम्या खोक्यात ठेवावी लागली. काही जणांनी शाबासकी दिली, काहींनी झोडलं. या वेळी त्यातलीच घेतो. नव्या वाचकांसाठी सांगायचं तर मी रेवदंड्यात होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो आणि हात केरोसिनने धुऊन झाले की कुंडलिकेच्या मुखाशी गळ टाकून बसतो. दोन्ही उद्योगांना चाळीस वर्षं झाली. इंजिनाचं मला उस्तादाने शिकवलं. माशांचं जे काही कळतं, ते चुका करून कळलं आहे.

अलिबागहून एक वाचक लिहितात: ‘माझा मुलगा अमेरिकेत असतो. सुट्टीच्या दिवशी स्ट्राइप्ड बास नावाचा मासा पकडतो, फोटो काढतो आणि सोडून देतो. मला म्हणतो, बाबा, तुम्ही जिताडा धरून कालवण करता, हे जुनाट झालं. तिथे म्हणे वर्षातले काही दिवस असे असतात की सोडून देण्यासाठीसुद्धा हा मासा पकडायचा नाही. सोडायचाच आहे तर मग बंदी कशाला? आणि आपल्याकडे जिताड्याला असं काही लावावं का?’

तुमच्या पत्राचा उत्तरार्ध पूर्वार्धाला खोडतो, हे तुमच्या ध्यानात आलं असेलच. सोडणं एवढं निर्दोष असतं तर त्यावर बंदी आलीच नसती.

योगायोग असा की त्या बंदीत मी स्वतः सापडलो आहे. माझी मुलगी मेरीलँड राज्यात असते, चेसापीक नावाच्या प्रचंड उपसागराजवळ. आपली सगळी खाडी त्याच्या एका कोपऱ्यात मावेल आणि कुणाला कळणारही नाही. २०२४ च्या जुलैत मी गेलो. जावईबापूंनी आधीच माझा मासेमारीचा परवाना काढून ठेवला होता (तिथे हौसेने गळ टाकायलाही परवाना लागतो), नवी कोरी काठी आणली होती. मी पोचलो १८ जुलैला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी तयार, तर जावई डोकं खाजवत म्हणतात, ‘बाबा, एक घोळ झाला. १६ ते ३१ जुलै स्ट्राइप्ड बास बंद.’ मी म्हटलं, खायचा नाही ना, सोडून देऊ. तर म्हणे, त्याच्यासाठी गळ टाकणंच बंद. मनात म्हटलं, हे लोक फारच शहाणे दिसतात. सात समुद्र ओलांडून आलो आणि धक्क्यावर बसून व्हाइट पर्च नावाची तळहाताएवढी मासळी धरत राहिलो. नात्याने ती त्याच बासची धाकटी चुलत बहीण.

कारण नंतर समजलं आणि एका मेकॅनिकला ते लगेच पटलं. स्ट्राइप्ड बास हा थंड पाण्यातला मासा. जुलैअखेर उपसागराचं वरचं पाणी तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. थंडाव्यासाठी खाली जावं तर तळाच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपलेला. वर ऊन, खाली गुदमर, मधल्या पट्ट्यात मासा कसाबसा जीव धरून असतो. त्याच वेळी तुम्ही त्याला गळाला लावून दहा मिनिटं नाचवता. कूलिंगचं पाणी बंद करून इंजिन फुल थ्रॉटलला पळवा, तसं. बाहेरून इंजिन शाबूत दिसतं, आत पिस्टन धरलेला असतो. मासाही तसाच शेपटी हलवत जातो आणि नजरेआड जाऊन मरतो.

तिकडच्या मोजदादीत हौशी लोकांनी सोडलेल्या शंभर स्ट्राइप्ड बासपैकी नऊ मरतात असं धरलं जातं. नऊ म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण सोडलेले मासे लाखांनी असतात, त्यामुळे सोडल्यानंतर मेलेल्यांचा आकडा काही वर्षी घरी नेलेल्या माशांच्या तोडीस तोड होतो. शिवाय नऊ ही सगळ्या मोसमांची सरासरी आहे. गरम पाण्यात आणि अननुभवी हातात त्याहून जास्त मरणार, हे सांगायला मोठी विद्या लागत नाही.

हे नियम त्यांना उगाच सुचलेले नाहीत. सत्तरच्या दशकाअखेरीस तिथला हा मासा एवढा घसरला की १९८५ मध्ये मेरीलँडने तो धरणं पूर्ण बंद केलं आणि १९९० पर्यंत उघडलं नाही. पाच वर्षं! मासा परत वाढला, लोक परत तुटून पडले आणि २०१९ च्या पाहणीत पुन्हा तोच इशारा आला. म्हणून आता तिथे लांबीची खिडकी आहे. उपसागरात १९ इंचांच्या आतला ठेवायचा नाही आणि २४ इंचांच्या वरचाही नाही. बाहेर समुद्रात २८ ते ३१ इंच. दिवसाला माणशी एक. वसंतात, म्हणजे तो अंडी घालायला नद्यांत चढतो तेव्हा, २०२४ मध्ये १ एप्रिल ते १५ मे त्या उपसागरात त्याच्या वाटेला जायचंच नव्हतं. आमिष लावायचं तर टोक आत वळलेला सर्कल हुकच हवा. एवढंच नाही, उन्हाळ्यात रोजच्या हवामानावरून हिरवा, पिवळा, लाल असे दिवस जाहीर करतात. लाल दिवशी सकाळी दहानंतर या माशाच्या नादी लागू नका, अशी विनंती असते.

१ ऑगस्टला बंदी उठली आणि पहाटे पाचला आम्ही होडीत होतो. माझ्या गळाला एकच लागला. अंगावर सात-आठ काळे पट्टे, जणू कुणी पट्टी ठेवून मारलेले. जावयांनी तो ओल्या फळीवर मोजला तर सतरा इंच. सोडला. मला तोही खायला मिळाला नाही, हे मी आजतागायत बोलून दाखवतो.

आता जिताडा. दोघांनाही इंग्रजीत बास म्हणतात म्हणून तुमचा मुलगा त्यांना एका मापाने मोजतो. पण घराणी वेगळी आणि चाल तर अगदी उलटी. स्ट्राइप्ड बास राहतो खाऱ्यात आणि अंडी घालायला चढतो गोड्यात, वसंतात. आपला जिताडा वाढतो गोड्या-मचूळ पाण्यात आणि अंड्यांसाठी उतरतो खाडीच्या तोंडाशी, पावसाळ्यात. त्याची पिल्लं भरतीबरोबर खाजणांत, कांदळवनात, खारबंदिस्तीच्या आतल्या पाण्यात शिरतात. पेण-अलिबागकडच्या शेततळ्यांत जिताडे पोसले जातात ते याच सवयीच्या जोरावर. म्हणून त्यांचे महिने उचलून आपल्याकडे लावाल तर पंचांग चुकेल. त्यांची नाजूक जागा नदीच्या वर, एप्रिलमध्ये. आपली नाजूक जागा मुखाशी, जून ते ऑगस्ट.

आणखी एक गोष्ट, जी मला पन्नाशी उलटल्यावर समजली आणि समजल्यावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो. जिताडा जन्मभर एकच लिंग धरून राहत नाही. वयात येतो तेव्हा तो नर असतो आणि पुढे सहा-सात वर्षांचा, साधारण तीन फुटांच्या घरात गेला की मादी होतो. म्हणजे ज्या मोठ्या जिताड्याबरोबर आपण फोटो काढतो, जो जावई आला की मुद्दाम मागवतो, ज्याच्या डोक्याच्या कालवणासाठी घरात भांडणं होतात, ती बहुतेक बाईच. मी आयुष्यात असे किती धरले ते लिहून ठेवलेलं नाही, आणि नाही ठेवलं तेच बरं.

याच माशाला ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणतात. तिथल्या क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरच्या आतला आणि १२० सेंटिमीटरच्या वरचा ठेवता येत नाही, आणि पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हा मासा पूर्ण बंद, कारण त्यांचा पावसाळा तेव्हा. मला अमेरिकेपेक्षा हे उदाहरण जवळचं वाटतं. मासा तोच, फक्त पाऊस उलट्या महिन्यांत.

आपल्याकडे काठावरून गळ टाकणाऱ्याला असं काही बंधन नाही. म्हणून मी माझ्यापुरतं केलं आहे. काठीवर इन्सुलेशन टेपचे दोन पट्टे मारलेत, बुंध्यापासून साठ सेंटिमीटरवर लाल आणि नव्वदवर काळा. लालच्या आतला पाण्यात, काळ्याच्या पलीकडची पाण्यात, मधला घरात. जून, जुलै, ऑगस्ट मुखाशी जिताड्यासाठी गळ नाही. एप्रिल-मे महिन्यांत उन्हं चढली की गुंडाळायचं. मुलाला हे सांगा आणि हेही सांगा की मधल्या मापाचा एक जिताडा धरून, मारून, चिंचेच्या कोळात शिजवून खाणारा माणूस, भर उन्हात दहा मोठे धरून सोडणाऱ्यापेक्षा खाडीचं कमी नुकसान करतो.

मुरुडहून एक वाचक: ‘मी सगळे मासे सोडतो, तरी मित्र म्हणतात की माझे मासे मरतात. सोडण्याची काही रीत असते का?’

असते, आणि ती मी एका जिताडीचा जीव घेऊन शिकलो.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट, मे महिना, दुपारचे साडेतीन. साळावच्या बाजूच्या काँक्रीटच्या धक्क्यावर मी बारीक दोरीची हलकी काठी घेऊन बसलो होतो, तांबोशीच्या आशेने. लागली जिताडी. हलक्या काठीवर मोठा मासा खेळवायचा यात तेव्हा मला फार मोठी मर्दुमकी वाटायची. पाऊण तास खेळवली. वर घेतली, धक्क्यावर ठेवली. चपलेशिवाय पाय ठेवता येणार नाही असं तापलेलं काँक्रीट, त्यावर ठेवली. दोन पोरं फोटो काढायला धावली. एकाचा फोन लागेना, मग दुसऱ्याचा. मी जबड्यात हात घालून तिला उभी लटकवून धरली. मग मोठ्या ऐटीत म्हणालो, ‘जा बाई,’ आणि धक्क्यावरून खाली फेकली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकतीला कांदळवनाच्या मुळांत ती पडलेली होती. शेपटीच्या वरच्या टोकाला जुनी खाच होती, त्यावरून ओळखली. खेकड्यांनी डोळे खाल्ले होते. खुबे वेचायला आलेली एक म्हातारी उभी होती. तिला मी कालचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मग खाल्ली का नाहीस रे? आता ना तुला, ना तिला.’

त्या दिवशी मी काय काय चुकलो ते बघा, त्यातच रीत आली. काठी आणि दोरी माशाच्या मानाने जाड हवी, म्हणजे तो लवकर जवळ येतो आणि दमून मोडत नाही. हात आधी पाण्यात बुडवून ओले करायचे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कातडं समजा. कोरड्या हाताने, फडक्याने किंवा वाळूने तो निघाला की पुढे जखमा चिघळतात. काँक्रीट, खडप, होडीचा पत्रा, कशावरही ठेवायचा नाही. मोठा मासा जबड्याला धरून उभा टांगायचा नाही. त्याचं वजन पाण्याने तोलायचं असतं, मणक्याने नाही. एक हात पोटाखाली घेऊन आडवा धरायचा. जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाला ब्लेडसारखी धार असते, तिथे बोट घालू नका. माझ्या डाव्या तर्जनीवर अजून खूण आहे. पाण्याबाहेर किती वेळ? मासा वर काढताना तुम्ही श्वास रोखा. तुम्हाला सोडावासा वाटला की माशालाही पाण्यात सोडायची वेळ झाली.

खरं तर वर काढूच नका. काठाशी पाण्यातच चिमट्याने गळ काढता येतो. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून सपाट केला असेल तर दोन सेकंदांचं काम. मासा निसटेल ही भीती सोडा. दोरी ढिली पडू दिली नाही तर निसटत नाही. आणि गळ पार घशात गेला असेल तर उपसत बसू नका, दोरी तोंडाशी कापा. आत राहिलेल्या गळासकट जगण्याची शक्यता, आतडी ओढून काढल्यावर जगण्यापेक्षा जास्त असते. सोडताना फेकायचा नाही. प्रवाहाकडे तोंड करून धरायचा आणि तो स्वतः हात झटकून जाईपर्यंत थांबायचं.

तरीही रक्त कल्ल्यांतून वाहत असेल, मासा उलटा होत असेल आणि तो मधल्या मापाचा असेल तर घरी न्या. त्या म्हातारीचं ऐका.

श्रीवर्धनहून: ‘सर्कल हुक वापरून पाहिला. एकही मासा लागत नाही. फसवणूक आहे का?’

तुम्ही हिसका देता. आपल्याला लहानपणापासून सवयच ती: टोचणी लागली की खेच. सर्कल हुकला हिसका दिला की तो तोंडातून तसाच बाहेर येतो. दोरी ताणली गेली की नुसतं सावकाश गुंडाळा. गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप अडकतो, घशात जात नाही. त्याचा उपयोग तोच. मला ही सवय मोडायला अख्खा एक हिवाळा लागला.

पेणहून एक कॉलेज विद्यार्थी: ‘काका, पहिल्या पावसात आमच्याकडे वलगणीचे मासे धरायची धमाल असते. रात्री बॅटरी घेऊन सगळा गाव ओढ्यावर. पण आमच्या सरांनी सांगितलं की ते पाप आहे. आजोबा म्हणतात सरांना काही कळत नाही. कोण बरोबर?’

तुझे आजोबा आणि तुझे सर यांना एकदा एकत्र बसव, चहा माझ्याकडून.

वलगण म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगतो. पहिला जोरदार पाऊस पडून ओढे वाहू लागले की नदी-डबक्यांतले मासे उलटे, पाण्याच्या धारेवर चढत शेतांकडे निघतात. का? अंडी घालायला. भाताच्या खाचरात उथळ, कोमट, नवं पाणी असतं, पिल्लांना खायला भरपूर असतं आणि मोठे शत्रू कमी. म्हणजे वलगणीला धरलेल्या माशाच्या पोटात गाभोळी असते ती योगायोगाने नाही, त्यासाठीच तर तो चढत असतो. मीही लहानपणी घोंगडं डोक्यावर घेऊन गेलो आहे. बांधावर मासे उड्या मारताना पाहिले ते विसरणार नाही. आईने त्या रात्री दोन वाजता चूल पेटवली होती.

आजोबांचं बरोबर एवढ्यासाठी की त्यांच्या काळात चार माणसं हाताने आणि टोपलीने धरायची, पाऊस रात्रभर असायचा आणि चढणारे निम्मे मासे पहाटेपर्यंत शेतात पोचलेले असायचे. सरांचं बरोबर एवढ्यासाठी की आता ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लावतात, कुणी ब्लीचिंग पावडर टाकतो, कुणी विजेची तार टाकतो. तिथून एकही वर जात नाही. तुला काय करायचं ते सांगतो: ओढा पूर्ण अडवणाऱ्यांत जाऊ नकोस. मासे वर चढत असतात तेव्हा जाऊ दे. पोट टम्म असलेली मादी हाताला लागली तर बांधापलीकडे टाक. दोन हातांचं अंतर तिला नेऊन दिलंस तरी तिचं काम होतं.

आणि मरळ सांभाळ. पावसाळ्यात डबक्यात लालसर पिल्लांचा गोळा वर-खाली होताना दिसला की त्याच्या खाली त्यांचे आईबाप राखणीला असतात. त्या गोळ्यावर गळ टाकला की आई झडप घालते, ती भुकेने नव्हे, रागाने. असं धरणं सोपं असतं म्हणूनच ते करू नये. तिला नेलीस की मागे उरलेला गोळा तासाभरात बाकीच्या माशांच्या पोटात.

गंमत अशी की याच मरळीची एक चिनी चुलत बहीण मेरीलँडच्या नद्यांत घुसली आहे. तिच्यासाठी नियम बरोबर उलटा: किती धरा, केवढीही धरा, पण जिवंत बाळगू नका. तिचं लोकांना खावंसं वाटावं म्हणून २०२४ मध्ये त्या राज्याने तिचं नाव बदलून ‘चेसापीक चन्ना’ ठेवलं. जावयांनी सांगितलं तेव्हा मला आधी हरभऱ्याची उसळ आठवली. सांगायचं कारण, सोडणं हे सगळीकडे चांगलंच असतं असं नाही. मासा कोणता, पाणी कुणाचं आणि महिना कोणता, हे आधी विचारायचं.

मालवणहून: ‘होडीतून खोल पाण्यात गरवताना प्रचंड मोठा गोब्रा लागला. वर आला तेव्हा तोंडातून पिशवीसारखं काहीतरी बाहेर आलेलं. सोडला, पण तरंगतच राहिला. काय करायला हवं होतं?’

ती पिशवी म्हणजे त्याचं जठर. खोल पाण्यातून भरकन वर ओढला की आतला हवेचा फुगा फुगतो आणि जठर तोंडातून बाहेर ढकलतो. फुग्यामुळेच तो परत खाली जाऊ शकत नाही. परदेशात अशा माशाला वजन बांधून पुन्हा खोलवर नेऊन सोडतात. ती सोय नसेल तर सरळ उपाय एकच: पंधरा-वीस वावांवर, म्हणजे शंभरेक फूट खोल, दोन मासे मिळाले, पोटापुरते झाले, की त्या जागेवरून हलायचं. खोल पाण्यात ‘धरून सोडतो’ म्हणण्याला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गोब्रे-हेकरू अनेक जातींचे असतात, पण त्यांतली सर्वात महाकाय जात वन्यजीव संरक्षण कायद्याच्या संरक्षित यादीत आहे. करवत मासा, समुद्रघोडा आणि सगळ्यांत मोठा तो व्हेल शार्क, हेही तिथेच. माणसाएवढा गोब्रा लागला तर फोटोसाठीही होडीत घेऊ नका, दोरी पाण्यातच कापा. जाळ्यात असा संरक्षित जीव आला आणि तो सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला वनविभागाच्या कांदळवन कक्षाकडून भरपाई मिळते, पंचवीस हजार रुपयांपर्यंत. ही योजना २०१८ च्या अखेरीपासून आहे. तुमच्या ओळखीच्या होडीवाल्यांना सांगा, सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ मात्र लागतो.

ठाण्याहून एक वाचक भगिनी: ‘आमचे हे रविवारी मांडव्याला जाऊन बोटाएवढे मासे पिशवीभर आणतात. साफ करताना माझा जीव जातो. नाही कसं म्हणायचं?’

साफसफाई त्यांच्याकडे द्या, आकार आपोआप वाढेल. बाजारातही हीच खबरदारी घ्या. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली आहे, त्याच वर्षी पापलेट राज्याचा मासा झाला. राज्याचा मासा करून त्याची पिल्लं वाट्यावर विकायची हे काही शोभत नाही. कोळणीला विचारा, ‘याची आई कुठाय?’ ती हसते, पण पुढच्या वेळी तुमच्यासाठी मोठं बाजूला ठेवते.

मुरुड तालुक्यातील एक मच्छीमार: ‘तुमचं वाक्य वाचलं. गळ टांगता ते ठीक, पण तुम्ही टांगून कुणावर उपकार केले? आमची होडी १ जूनला वर ओढली जाते ती ३१ जुलैपर्यंत. घरात पैसा नाही. आणि तेच दोन महिने पुलावर गाड्या लावून शहरातले पन्नास-पन्नास जण गळ टाकतात, गाभोळीचे मासे नेतात, वर आमच्या पोरांना निसर्ग शिकवतात. कायदा फक्त आम्हालाच का?’

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि घरात मोठ्याने वाचून दाखवलं. ‘नियम तसा आहे’ एवढंच उत्तर देऊन मला सुटता येणार नाही, तरी नियम आधी सांगतो. पश्चिम किनाऱ्यावरची ६१ दिवसांची बंदी यांत्रिक होड्यांना आहे. वल्ह्या-शिडाच्या पारंपरिक होडीला ती नाही आणि काठावरच्या गळाला तर कुणी विचारलेलंच नाही. का, तर ट्रॉलरपुढे गळ म्हणजे किस झाडकी पत्ती. समुद्रात ते खरं आहे. पण खाडीच्या अरुंद तोंडाशी, जिथे अंड्यांवर आलेला जिताडा दाटीने येतो, तिथे पन्नास काठ्या रोज आठ तास हा आकडा लहान नाही. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे.

बंदी सरकारने शिकवण्याआधी तुमच्या वाडवडिलांनी पाळली. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटायची नाही, हा तुमचाच नियम. २०२४ ला पौर्णिमा १९ ऑगस्टला होती, म्हणजे सरकारी तारखेपेक्षा तुमचा जुना नियम जवळजवळ तीन आठवडे कडक. मी ऑगस्ट पुरा टांगतो तो तिथूनच उचललेला आहे, अमेरिकेतून नाही.

आणि एक कबुली द्यायलाच हवी. तुमच्या होड्या वर आल्या की इंजिनं माझ्याकडे येतात. बंदीचे दोन महिने माझ्या कमाईचा हंगाम असतो. त्यामुळे त्या दिवसांत गळ न टाकण्यात माझा त्याग काही नाही, वेळच नसतो. तुमचा उपवास आणि माझा उपवास एक नाही.

तरी पुलावरच्यांना सांगण्याचं काम मी घेतो. मागच्या आषाढात साळावच्या पुलावर एकाकडे गाभोळीची जिताडी पाहिली. मी त्याला फक्त काठी दाखवली, काळा पट्टा दाखवला, नर-मादीची गोष्ट सांगितली. जिताडी त्याने परत टाकली नाही; ती तोवर मेलेलीच होती. पण पुढच्या रविवारी तो दिसला तेव्हा टेप मागायला आला होता. टेपची गुंडाळी पन्नास रुपयांच्या आत येते. दुकानात मी तीन जादा ठेवल्या आहेत, ज्याला हवी त्याने न्यावी.

रोह्याहून: ‘तुमचं ऐकून गळ टांगला. आता तीन महिने करू काय?’

रीळ उघडा, गोड्या पाण्याने धुवा, सुकवा आणि शिलाई मशीनचं तेल थेंबभर घाला. ग्रीस थापू नका, पावसाळी हवेत ते चिक्कीसारखं बसतं. जुनी दोरी काढून टाका, पण खाडीत नाही. बगळ्यांच्या पायात ती गुंतते. गळांचे उलटे काटे दाबून घ्या. जेवणाची सोय म्हणाल तर सुके बोंबील आणि सोडे कशासाठी ठेवलेत? आणि गौरी-गणपती आटोपले की मला लिहा, भांगाची, म्हणजे मंद भरती बघून तारीख कळवीन.

पत्र लिहिताना एकच विनंती. माशाचा फोटो पाठवू नका, लांबी पाठवा. फोटोत सगळेच मासा हात लांब करून कॅमेऱ्याच्या नाकाशी धरतात, आणि आलेल्या बारा फोटोंतले अकरा जिताडे माझ्या दुकानाच्या दारातून आत येणार नाहीत एवढे आहेत.